पिकअपचं ॲव्हरेज जातं कुठे?

पहाटे चारच्या सुमारास इंदूरच्या चोइथराम मंडीच्या फाटकाबाहेर रांग लागते. कुणी देपालपूरहून बटाटा आणलेला असतो, कुणी सांवेरकडून लसूण, कुणी भेरूघाट चढून निमाडातली मिरची. रांग हळूहळू सरकते आणि दीड-दोन तास कुणीही इंजिन बंद करत नाही. का, म्हणून विचारलं तर एक ड्रायव्हर बॅटरीकडे बोट दाखवतो, दुसरा थंडीकडे. खरं कारण दोघांनाही ठाऊक असतं. गाडी जुनी आहे, एकदा बंद झाली तर धक्क्याशिवाय चालू होईलच असं नाही. जे शहाणे असतात त्यांनी आपली गाडी आधीच उताराला तोंड करून लावलेली असते.

इंदुरात या सगळ्या जमातीला एकच शब्द आहे, लोडिंग. त्यात मग पोटजाती: पिकअप, चार सौ सात, छोटा हाथी, मेटाडोर. आणि त्याहून मोठं काही दिसलं की ते आयशर, मग बॉनेटवर नाव कुणाचंही असो. सियागंजातला किराणा, लोहा मंडीतल्या सळया, लग्नसराईतले मंडपाचे बांबू, सगळं यांच्याच पाठीवर. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षं पळालेल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना रोज एकच प्रश्न छळतो, डिझेल जातं कुठे?

"क्या एव्हरेज दे रही है?" हा प्रश्न इथे ख्यालीखुशालीसारखा विचारला जातो आणि उत्तरही तसंच ठरलेलं असतं, "बारा-तेरा." बारा-तेरा म्हणजे 'ठीक चाललंय'. कुणी मोजलेलं नसतं, आणि मोजणार तरी कसं? डिझेल पाचशे-पाचशे रुपयांचं भरायचं, म्हणजे टाकी कधी काठोकाठ होतच नाही. स्पीडोमीटरची केबल तुटून काळ लोटलेला. ती शाबूत असली तरी मागचे टायर कंपनीच्या मापाचे नसतात, त्यामुळे किलोमीटरही खोटे. या लेखात पुढे जे काही सांगायचं आहे त्याचा पाया एवढाच, की आधी केबल बदला. मग एकाच पंपावर टाकी फुल करा, तीनेकशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. त्या फेऱ्यांत माल किती होता तेही वहीत लिहा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की गाडीचं खरं ॲव्हरेज समोर येतं, आणि ते बहुतेक वेळा बारा नसतं.

आकडा हातात आला की तो उलटा करून पाहावा. आपण 'लिटरला किती किलोमीटर' असं बोलतो आणि त्यात फसतो. आठावरून दहावर गेलेली गाडी शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचवते. चौदावरून सोळावर गेलेली गाडी शंभर किलोमीटरला जेमतेम ०.९ लिटर वाचवते. दोन्हीकडे वाढ दोनचीच, पण पहिल्या मालकाच्या खिशात जवळजवळ तिप्पट पैसे पडतात. म्हणूनच जी गाडी सगळ्यात भंगार झालेली वाटते तिच्यावर घातलेला दुरुस्तीचा रुपयाच सगळ्यात जास्त परत मिळवून देतो. महिन्याला ३,००० किलोमीटर पळणारी गाडी नऊवरून अकरावर आणली तर ६० लिटर वाचतात. डिझेल ९२ रुपये धरलं तर साडेपाच हजार.

या गाड्या आल्या कुठून, हे थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे, कारण त्यांच्या स्वभावाचा उगम तिथे आहे. इंदूरच्या रस्त्यावरच्या बहुतेक लोडिंग गाड्यांचं माहेर महाराष्ट्र. मेटाडोर आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, १९६९ पासूनची. कंपनीने पुढे मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं आणि त्या इंजिनाच्या आयुष्याच्या कथा माळव्यात अजून सांगितल्या जातात. महिंद्राच्या जुन्या गाड्यांतलं प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन इगतपुरीचं. टाटाची ४०७ आली १९८६ मध्ये, पुण्याहून. १९८८ मध्ये टाटामोबाइल, आणि तिच्या मागून २०७. तिकडे इंदूरच्या दाराशी, धार जिल्ह्यातल्या पिथमपुरात, मित्सुबिशीशी करार करून आयशरने १९८६ मध्ये कँटर काढला. बजाज टेम्पोनेही पिथमपुरात कारखाना टाकला.

तो काळ हलक्या ट्रकांच्या लढाईचा होता. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आल्विन निसान, आयशर मित्सुबिशी, चारही जपानी भागीदारीतले आणि चौघांचाही मुद्दा एकच, आमची गाडी डिझेल कमी खाते. ते खोटं नव्हतं. पण १९८५ नंतर येन महाग होत गेला, जपानहून येणारे सुटे भाग महागले आणि देशी ४०७ ने बाजार मारला. डिझेल वाचवणाऱ्या गाडीपेक्षा कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी गाडी लोकांनी निवडली. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. २००५ मध्ये टाटा एस आली. गिरीश वाघ यांच्या चमूने बनवलेली, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, १६ अश्वशक्ती. तिने तीनचाकी टेम्पोची सद्दी संपवली आणि 'छोटा हाथी' हे नाव कमावलं.

या पिढीतल्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. डिझेल किती टाकायचं हे एक यांत्रिक पंप ठरवतो, संगणक नाही. ४०७ चं ४९७ इंजिन घ्या. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४९७. त्याच्या कुशीला मायकोचा पंप. मायको म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे, पण ट्रान्सपोर्ट नगरात अजून कुणी बॉशचा पंप म्हणत नाही. हा पंप आंधळा आहे. ॲक्सिलरेटर जितका दाबला आणि इंजिन जितकं फिरतंय, तेवढं डिझेल तो सोडतो. हवा किती आली याची त्याला गंधवार्ता नसते. हवेचा फिल्टर चोंदला तर नव्या गाडीतला संगणक डिझेल कमी करतो आणि गाडी फक्त मरगळते. जुनी गाडी मात्र तेवढंच डिझेल ओतत राहते, अर्धवट जाळते आणि उरलेलं काळ्या धुरावाटे सोडून देते. बाजारहाट करणाऱ्या गाड्या शेतरस्त्याने येतात, माळव्याच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. तीनशे-चारशे रुपयांच्या फिल्टरवर इथे जितकं डिझेल वाया जातं तितकं दुसऱ्या कशावर जात नसेल, असं मला वाटतं.

पण ॲव्हरेज पडलं की मालक जातो पंपवाल्याकडे. इथूनच सगळं बिघडतं.

आमच्या काकांचा मंडपाचा धंदा. त्यांच्याकडे २००८ सालची एक पिकअप आहे. तीन-चार वर्षांपूर्वी ती नऊवर आली होती. काकांनी पंप खोलून कॅलिब्रेशन करून घेतलं, चारही नोझल बदलले. बिल बरंच झालं. गाडी साडेनऊवर आली. मग पंपवाल्याने टायमिंग थोडं पुढे घेतलं, इंजिन टकटक करायला लागलं, ॲव्हरेज तिथेच. शेवटी सांवेर रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी दहा किलोमीटर पळवून आणली, उतरला आणि काही न बोलता चारही चाकांच्या मधोमध हात लावत फिरला. मागच्या डाव्या चाकावरून हात झटकन मागे घेतला. ड्रम भाजत होता. हँडब्रेकची तार आत गंजून अडकलेली, लायनर सतत घासत होते. म्हणजे गाडी दोन वर्षं ब्रेक लावूनच चालत होती. मग त्याने रेडिएटरचा वरचा पाइप हाताने चेपून पाहिला. दहा किलोमीटर पळून आलेल्या गाडीचा पाइप कोमट. "भिया, इसका वाल किसने निकाला?"

वाल म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक पितळी झडप. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापलं की ती उघडते. कधी एकदा उन्हाळ्यात गाडी तापली, तेव्हा कुणीतरी ती काढून फेकून दिली होती. 'वाल काढा, गाडी तापणार नाही' हा इथल्या गॅरेजांतला घरगुती उपाय आहे, हळद-दुधासारखा. गाडी तापत नाही हे खरं, पण ती कधीच तापत नाही हीच अडचण. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल घट्ट राहतं, रिंगा झिजतात. डिसेंबरच्या पहाटे मंडीकडे निघालेली गाडी पोहोचेपर्यंत गरमच होत नाही. झडप बसवली, तार बदलली, रेडिएटर धुतला. हे सगळं नोझलच्या बिलाच्या चौथाईत झालं आणि गाडी साडेअकरावर आली. मुळात तापण्याचं कारण काय होतं? बोअरवेलचं जड पाणी ओतून ओतून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसला होता. कूलंट महाग म्हणून कुणी घालत नाही. निदान शुद्ध पाणी तरी घालावं.

तेव्हापासून मी ज्या कुणाशी या विषयावर बोलतो त्याला उलटा क्रम सांगतो. आधी चाकं, मग पाणी, मग हवा, मग क्लच आणि व्हॉल्व्हच्या फटी, म्हणजे टॅपेट, आणि सगळ्यात शेवटी पंप. पंपवाल्यांना हे रुचत नाही. त्यांचंही चूक नाही, त्यांच्याकडे गाडी येते तीच पंपाची तक्रार घेऊन.

पंपाचं काम खरंच आलं तर ते ऐऱ्यागैऱ्याकडे होणारं नाही. आतल्या प्लंजरमधली फट काही मायक्रॉनची, डोक्याच्या केसाच्या जाडीचा बारीकसा अंश. पंप टेस्ट मशीनवर चढवून, चारही नळ्यांतून सारखं डिझेल पडतं का हे मोजनळीत बघावं लागतं. थेट फवाऱ्याच्या जुन्या इंजिनात नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबावर उघडतो. तो दाब उतरला की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. आता कॉमन रेलच्या गाड्यांत दाब दीड हजार बारच्या घरात गेलाय, त्याला हात लावणारे मोजकेच. जुन्या पंपाचा धोका वेगळा आहे. त्याच्यावर एक स्क्रू असतो, जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा. कंपनी त्याला सील करते. ड्रायव्हर सांगतो, "उस्ताद, पिकअप नहीं है," आणि उस्ताद सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरवतो. गाडी घाटात खरोखर जोर धरते, ड्रायव्हर खूश. मालकाला तीन महिन्यांनी कळतं, कारण मागे काळा पट्टा उमटलेला असतो.

धुराची भाषा सोपी आहे आणि ती येत असेल तर अर्ध्या चुका टळतात. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. एखादा नोझल गेलाय किंवा टायमिंग मागे पडलंय, क्वचित हेडचं पॅकिंग जाऊन पाणी आत येतंय. निळा म्हणजे मोबिल, इंजिनाचं तेल, जळतंय आणि तिथे पंपाचा काही संबंध नाही. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडून पाहावं. भक्भक् धूर आला तर 'बॅक कंप्रेशन' आहे, म्हणजे रिंगा संपल्या. मग हाफ इंजिन करायचं की फुल, म्हणजे अर्धी दुरुस्ती की पूर्ण, एवढाच प्रश्न उरतो. तेलाच्या पट्टीवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. पंपाच्या सीलमधून डिझेल तेलात उतरतंय, आणि तसं तेल बेअरिंग खातं.

आता रस्त्याकडे. गाडी कशी चालते याहून ती कुठे आणि कशी चालवली जाते, यावर ॲव्हरेजचा मोठा भाग ठरतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आपल्या पिकअपचा आकार आधीच कपाटासारखा, त्यावर केबिनच्या वर दीड-दोन फूट लोखंडी पिंजरा, आणि रिकामी परतताना फडफडणारी ताडपत्री. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ पासून कानीकपाळी ओरडतेय, की गाडी ४५ ते ५५ च्या वेगात ठेवा. बायपासवर ते कुणाला जमतं? पण ८० ची ६० केली तरी फरक वहीत दिसतो. रांगेत उभ्या गाडीचं म्हणाल तर अडीच-तीन लिटरचं इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं तरी तासाला अर्धा लिटर सहज पितं. दिवसाला दोन तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २६ लिटर. चोइथरामच्या रांगेतली गाडी महिन्याला सुमारे दोन हजार चारशे रुपये उभ्या-उभ्या जाळते. चांगली बॅटरी आणि ग्लो प्लग, म्हणजे आपले हीटर, यांचा खर्च काही महिन्यांत यातूनच निघतो.

टायरमध्ये हवा कमी असली की डिझेल जास्त लागतं हे सगळे मान्य करतात आणि हवा कुणी मोजत नाही, लाथ मारून बघतात. नायलॉनऐवजी रेडियल घातले तर फरक पडतो. पण स्प्रिंगला वाढीव पाट्या टाकलेल्या गाडीत रेडियल टिकत नाही अशी तक्रार असते, आणि ती ओव्हरलोडची तक्रार आहे, टायरची नाही.

ओव्हरलोडबद्दल जरा प्रामाणिकपणे बोलू. सगळे लेख सांगतात की जास्त माल भरल्याने ॲव्हरेज पडतं. पडतंच. पण मालक मूर्ख नाही. दीड टनाला गाडी बारा देते असं धरा, म्हणजे शंभर किलोमीटरला ८.३ लिटर, टनामागे साडेपाच. तीन टन भरून ती नऊ देते, म्हणजे ११.१ लिटर, टनामागे ३.७. डिझेलच्या हिशोबात ओव्हरलोड स्वस्त पडतो, म्हणूनच तो थांबत नाही. तो महाग पडतो दुसरीकडे. क्लच प्लेट, मागचे हब बेअरिंग, क्रॉस, तडकलेली चॅसिस आणि ब्रेक यांत. ही बिलं वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून त्यांची बेरीज कुणी करत नाही.

आणि घाट. आग्रा-मुंबई रस्त्याने नर्मदेच्या खोऱ्यातून वर माळव्यावर यायचं तर चारशे मीटरच्या आसपास चढ आहे. गाडी आणि माल मिळून तीन टन धरले तर नुसती उंची गाठायलाच साधारण एक लिटर डिझेल लागतं. त्याला इलाज नाही. उतरताना ते लिटर परत मिळवायच्या हिशोबाने ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. यात डिझेलचा हिशोबही चुकीचा आहे. गियरमध्ये, पाय काढून उतरणाऱ्या गाडीत पंपाचा गव्हर्नर डिझेल पूर्ण तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे गियरमध्ये शून्य आणि न्यूट्रलमध्ये थोडं. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. धामनोदजवळच्या गणपती घाटाचं नाव ब्रेक फेलच्या अपघातांसाठी इतकं बदनाम झालं, की त्या उताराला वळसा घालणारा वेगळा रस्ता करावा लागला. पोलिसांच्या कागदावर कारण 'ब्रेक फेल' असं लिहिलं जातं. ब्रेक फेल होण्याआधी किती वेळ गियर न्यूट्रलमध्ये होता हे कुठे लिहिलेलं नसतं.

डिझेलचाही दोष असतो का? असायचा, फार मोठा. रेशनचं स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ पकडताना जिवंत जाळलं गेलं. रॉकेल डिझेलपेक्षा 'कोरडं' असतं, त्यात वंगण कमी. इनलाइन पंपाचा, म्हणजे सगळे प्लंजर एका ओळीत असलेल्या पंपाचा, कॅम इंजिन तेलात बुडलेला असतो, तो थोडं सोसतो. छोट्या गाड्यांचा रोटरी पंप पूर्णपणे डिझेलच्याच वंगणावर चालतो, त्यामुळे भेसळीचा पहिला बळी तोच. जुने पंपवाले आजच्या डिझेललाही कोरडं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारचे प्रदूषणाचे निकष. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात ३५० भागांपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. गंधक काढायच्या प्रक्रियेत नैसर्गिक वंगणही जातं. मात्र ते भरून काढणारं रसायन रिफायनरीच घालते, त्यामुळे डिझेलमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं तेल, ओतण्याची जी टूम आहे तिची गरज नाही. पाणी मात्र अजून येतं. फिल्टरखालची निचऱ्याची चावी आठवड्याला एकदा सोडावी, विशेषतः पावसाळ्यात.

सरकारच्या नजरेत ही गाडी काय आहे, हेही बदलत गेलं. देशातल्या तेरा शहरांत २०१० मध्येच बीएस-४ आलं. त्यात पुणे होतं, सोलापूर होतं, इंदूर नव्हतं. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये विक्री थांबवेपर्यंत इथे बीएस-३ च्या पिकअप शोरूममधून बाहेर पडत होत्या. त्याच आज आपल्या समोर आहेत. पीयूसीच्या यंत्रावर अशा जुन्या डिझेल गाडीला धुराच्या घनतेची ६५ एचएसयूची मर्यादा आहे, बीएस-४ गाडीला ५०. ज्या गाडीचा फिल्टर, नोझल आणि स्क्रू जागेवर आहे ती ६५ च्या आत आरामात बसते. जी बसत नाही ती मालकाचंच डिझेल हवेत सोडत असते, आणि ती हवा शेजारच्या शाळेतली पोरं घेतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केलंय.

तर मग ठेवायची की काढायची? दिल्लीसारखी दहा वर्षांची कुऱ्हाड इंदुरात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भंगार धोरणात वयापेक्षा फिटनेस महत्त्वाचा आहे, पण पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फिटनेसची फी २०२२ पासून चढली आणि आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो. विमा, फी, वर्षाकाठी दोन-चार मोठी बिलं हे सगळं धरूनही प्रश्न शेवटी किलोमीटरवर येतो. नवी गाडी चौदा देते, जुनी अकरा, असं धरा. महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या मालकाला नवी गाडी डिझेलमध्ये साधारण १,४०० रुपये वाचवून देईल. त्यात हप्ता कसा भागायचा? ४,५०० किलोमीटर चालणाऱ्याला आठ हजार वाचतील, आणि वाटेत बंद न पडण्याचा फायदा वेगळा. तरी नव्या गाडीचा धुराचा फिल्टर, सेन्सर आणि काहींत लागणारं युरियाचं पाणी हा नवा खर्च तिच्या वहीत लिहावा लागेल. माझं मत असं, की मोहल्ल्यात, मंडीत, मंडपवाल्याकडे जुनी गाडी नीट राखून चालवण्यात शहाणपण आहे. मुंबईचा फेरा करणाऱ्याने तिचा मोह सोडावा.

शहराने स्वतःपुरतं तिसरंच उत्तर काढलंय. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, आणि शहरातल्या कितीतरी बस त्या गॅसवर पळतात. इलेक्ट्रिक लोडरही गल्लीत दिसायला लागलेत. पण भेरूघाट चढून मिरचीची तीस पोती आणायला अजून डिझेलच लागतं. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. ती गाडी येईल तेव्हा येईल.

काकांच्या पिकअपची वही आता डॅशबोर्डवर रबर लावून ठेवलेली असते. मागच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामातली शेवटची नोंद अशी: टाकी ते टाकी ३१२ किलोमीटर, २६.८ लिटर, माल बांबू आणि कनाती, दोनदा रिकामी परत. खाली काकांच्या अक्षरात एक ओळ आहे, 'डावं मागचं चाक हात लावून पाहिलं, गार.'